घरातले जाळे आणि त्याचे शब्द

वीज हा पाठ शिकवताना आपण मुलांना फ्यूज, स्विच, मीटर, अर्थिंग हे शब्द समजावून देतो. त्याचा परिणाम घरी दिसतो. दिवे गेले की सातवीतले मूलसुद्धा आधी खिडकीतून समोरच्या इमारतीत उजेड आहे का ते बघते. तिथे उजेड असेल तर बिघाड आपल्याकडे, नसेल तर बाहेर, एवढा तर्क ते करते. नंतर मीटरच्या पेटीकडे जाऊन एखादा खटका पडला आहे का ते पाहते. विजेच्या बाबतीत आपल्याजवळ शब्द आहेत, म्हणून विचारही आहे.

घरातल्या संगणक-जाळ्याबाबत मात्र बहुतेक सुशिक्षित घरांत एकच वाक्य वापरले जाते : 'नेट गेले.' २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि पुढे कित्येक महिने शिक्षकांनी घरातून तास घेतले. त्या काळात या एका वाक्याची किंमत सर्वांना कळली. तास अर्ध्यावर तुटे आणि नेमके काय तुटले हे सांगता येत नसे. रस्त्यावरची तार तुटली होती, घरातला डबा अडला होता, भिंतीआड रेंज पोहोचत नव्हती, की पलीकडचा संगणकच बंद होता? या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे चार वेगळे उपाय आहेत. परंतु शब्द नसल्यामुळे डबा बंद करून पुन्हा चालू करणे हा एकच उपाय शिल्लक राहत असे.

हे शब्द पाठ करून लक्षात राहत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. मात्र प्रत्येक शब्द कधीतरी कुणाला तरी आलेल्या एका अडचणीचे उत्तर म्हणून जन्मला आहे. ती अडचण समजली की शब्द आपोआप समजतो. म्हणून या लेखात व्याख्यांऐवजी इतिहास सांगायचा आहे. उदाहरणे शक्य तेथे आम्ही राहतो त्या नेरूळची घेतली आहेत. वाचकांनी त्या जागी आपापले गाव घालावे.

नोड

नवी मुंबईत 'नोड' हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. वाशी हा एक नोड, नेरूळ दुसरा, बेलापूर तिसरा. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. जुन्या मुंबईचा नकाशा म्हणजे एक लांबट पट्टा. कचेऱ्या दक्षिण टोकाला आणि माणसे उत्तरेला, त्यामुळे सकाळी सारा लोंढा एका दिशेला आणि संध्याकाळी उलट. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवे शहर आखताना एकच मोठे केंद्र न ठेवता अनेक छोटी नगरे कल्पिली. प्रत्येकात घरे, शाळा, बाजार, दवाखाना असावा आणि ती रस्त्यांनी व रेल्वेने एकमेकांना जोडलेली असावीत. या नगरांना नाव मिळाले नोड, म्हणजे जाळ्यातली गाठ.

याच सुमारास, १९६४ साली, अमेरिकेतल्या रँड या संस्थेत पॉल बॅरन हा अभियंता वेगळ्याच प्रश्नाशी झुंजत होता. युद्धात दूरध्वनीचे मुख्य केंद्र उडाले तर सारे दळणवळण बंद पडेल. त्याने कागदावर तीन आकृत्या काढल्या. पहिलीत सर्व तारा एका मध्यबिंदूला जोडलेल्या होत्या, दुसरीत काही उपकेंद्रे होती आणि तिसरीत कोळ्याच्या जाळ्यासारखी प्रत्येक गाठ शेजारच्या अनेक गाठींना बांधलेली होती. तिसऱ्या जाळ्यातल्या काही गाठी नष्ट झाल्या तरी उरलेल्या एकमेकींपर्यंत पोहोचू शकतात, हे त्याने दाखवून दिले. नवी मुंबईच्या कल्पनेशी याचा संबंध जोडण्याचे कारण नाही. पण दोन्हीकडचा विचार एकाच जातीचा आहे : सारा भार एका केंद्रावर टाकू नये.

संगणक-जाळ्यात ज्याला स्वतःचा पत्ता आहे अशा प्रत्येक वस्तूला नोड म्हणतात. घरातला संगणक, प्रत्येक मोबाइल, टीव्ही, छपाईयंत्र, दारावरचा कॅमेरा, हे सारे नोडच. आपल्या घरात किती नोड आहेत हे मोजायला मुलांना सांगावे. उत्तर सहसा पालकांच्या अंदाजापेक्षा मोठे निघते.

पाकीट

जुन्या दूरध्वनीत एक संभाषण चालू असेपर्यंत दोन्ही टोकांमधली वाट त्या दोघांसाठी अडवून ठेवलेली असे. ते गप्प बसले तरी वाट दुसऱ्याला मिळत नसे. संगणकांचे बोलणे तर तुटक असते : क्षणभर पुष्कळ, मग बराच वेळ काहीच नाही. त्यांच्यासाठी वाट अडवून ठेवणे म्हणजे नुसती उधळपट्टी.

बॅरनने आणि त्याच्यापासून स्वतंत्रपणे, १९६५ च्या सुमारास, ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या डोनाल्ड डेव्हिस यांनी यावर एकच तोड काढली. संदेशाचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि अनुक्रमांक लिहायचा आणि तो ज्या वाटेने जाईल त्या वाटेने जाऊ द्यायचा. डेव्हिस यांनी या तुकड्याला 'पॅकेट' म्हटले. हा शब्द निवडताना त्यांनी एका भाषातज्ज्ञाचा सल्ला घेतला होता, कारण इतर भाषांत सहज नेता येईल असा शब्द त्यांना हवा होता. त्यांची निवड योग्य होती. मराठीत आपण सरळ 'पाकीट' म्हणू शकतो.

नेरूळहून दादरला लग्नाचे वऱ्हाड निघाले आहे असे समजा. सगळे एका बसमध्ये बसले आणि बस वाशीच्या पुलावर अडकली, तर सारेच अडकले. त्याऐवजी प्रत्येकाच्या हाती कार्यालयाचा पत्ता देऊन ज्याला जमेल तसे या असे सांगितले, तर कोणी हार्बरने कुर्ल्यामार्गे जाईल, कोणी ठाण्याला जाऊन मध्य रेल्वे धरेल. पोहोचण्याचा क्रम बदलेल, पण वऱ्हाड पोहोचेल. कोण आले नाही ते कार्यालयाच्या दारात मोजून कळेल आणि त्याला निरोप धाडता येईल. पाकिटावर पत्ता कसा लिहायचा आणि ते पुढे कसे धाडायचे, याच्या नियमांना आयपी म्हणतात. दारातल्या मोजणीच्या आणि हरवलेले पाकीट पुन्हा मागवण्याच्या नियमांना टीसीपी म्हणतात. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली या नियमांचा पाया घातला आणि १ जानेवारी १९८३ रोजी त्या वेळचे अर्पानेट हे जाळे या नियमांवर आणले गेले. आजचे इंटरनेट त्याच पायावर उभे आहे.

हा खेळ वर्गात पाच मिनिटांत होतो. एक वाक्य पाच चिठ्ठ्यांवर तोडून लिहावे, प्रत्येकीवर क्रमांक आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाचे नाव घालावे. चिठ्ठ्या वेगवेगळ्या रांगांतून पुढे जाऊ द्याव्यात आणि एक मुद्दाम दडवावी. शेवटच्या बाकावरून 'तीन नंबर आला नाही' अशी हाक आली की टीसीपी शिकवून झाले.

राउटर

पाकीट एका गाठीशी आले की पुढची वाट कोणती, हे ठरवणारे यंत्र म्हणजे राउटर. नेरूळ स्टेशन हे याचे चांगले उदाहरण आहे. एक लोहमार्ग वाशीकडून येऊन बेलापूर-पनवेलकडे जातो, ठाण्याकडची ट्रान्स-हार्बर २००४ पासून या भागाला जोडली गेली आणि २०१८ साली खारकोपरकडे निघालेला फाटा २०२४ मध्ये उरणपर्यंत पोहोचला. स्टेशनातला फलक प्रवाशाचे नाव विचारत नाही. त्याला कुठे जायचे आहे एवढ्यावरून तो फलाट दाखवतो. राउटरही पाकिटाच्या आत काय आहे ते न बघता पत्ता वाचतो आणि पुढच्या वाटेला लावतो.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातल्या दोन संस्थांच्या संगणकांमध्ये अर्पानेटवरचा पहिला संदेश गेला. 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक कोसळला. त्या दिवशी दोन्ही टोकांना संगणकाशेजारी उभी असलेली कपाटाएवढी यंत्रे म्हणजे आजच्या राउटरचे पूर्वज. आपल्या बैठकीच्या खोलीतला डबा त्यांचा वंशज आहे. त्याचे काम मात्र सोपे आहे, कारण त्याच्यासमोर दोनच वाटा असतात : घरात किंवा बाहेर. घरातल्या जाळ्याला लॅन आणि बाहेरच्याला वॅन म्हणतात. डब्याच्या मागे एक भोक वेगळ्या रंगाचे किंवा बाजूला असते, ते वॅनचे. बाकीची लॅनची.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बॅरनच्या तिसऱ्या आकृतीतल्या गाठीला अनेक धागे होते. आपले घर मात्र बहुधा एकाच धाग्याने जाळ्याला बांधलेले असते. म्हणून रस्त्याच्या खोदकामात ती एक तार तुटली की सारे घर तुटते. ज्यांनी अशा वेळी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तास पुरा केला, त्यांनी नकळत दुसरा धागा बांधला होता.

ईथर

विज्ञानाच्या शिक्षकांना ईथर हा शब्द नवीन नाही. प्रकाशाच्या वहनासाठी सर्वत्र पसरलेले माध्यम असले पाहिजे, असे एकोणिसाव्या शतकात मानत. मायकेल्सन आणि मॉर्ले यांनी १८८७ साली केलेल्या प्रयोगात त्याचा मागमूस लागला नाही आणि पुढे भौतिकशास्त्रातून ते हद्दपार झाले. हद्दपार झालेला हा शब्द संगणकाच्या तारेत पुन्हा भेटतो, त्याची हकीकत अशी.

हवाई बेटांवरच्या विद्यापीठाची केंद्रे समुद्राने विभागलेली होती. त्यांना जोडण्यासाठी नॉर्मन अब्रामसन यांनी १९७१ साली अलोहानेट हे रेडिओवर चालणारे जाळे सुरू केले. सर्व केंद्रे एकाच लहरीवर बोलत. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही वाया जाई. मग प्रत्येकाने थोडा वेळ, मनाला येईल तितका, थांबून पुन्हा बोलायचे. १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी हीच रीत एका जाड तारेवर आणली आणि तिला 'बोलण्याआधी ऐका' ही शिस्त जोडली. सर्व संगणक ज्या माध्यमातून बोलतात ती तार म्हणजे जणू ईथर. म्हणून नाव पडले ईथरनेट.

आज राउटरपासून संगणकापर्यंत जाते ती आठ बारीक तारांची, टोकाला पारदर्शक क्लिप असलेली केबल ईथरनेटचीच. मधल्या काळात 'स्विच' आला. कोणते यंत्र कोणत्या भोकाला जोडले आहे हे तो लक्षात ठेवतो आणि पाकीट तेवढ्याच भोकातून सोडतो. त्यामुळे तारेवरची टक्कर संपली. हवेतली संपलेली नाही, ते पुढे पाहू.

जुहू ते पवई, आणि मोडेम

हे सारे आपल्याकडे आले ते मुंबईतून. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हा प्रकल्प सुरू केला. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीचा तो विभाग आणि मुंबईत जुहूला असलेली नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी अशा आठ संस्था त्यात होत्या. जुहूची ही संस्था, म्हणजे एनसीएसटी, १९८५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून वेगळी झाली होती. तिचे संचालक होते श्रीनिवासन रमणी. २०१४ साली इंटरनेटच्या जागतिक सन्मानयादीत त्यांचे नाव घेण्यात आले.

सुरुवात साध्या दूरध्वनीच्या तारेवरून झाली. जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यामध्ये ई-मेल जाऊ लागली. दूरध्वनीची तार माणसाच्या आवाजासाठी केलेली, आणि संगणकाला शून्य व एक हे अंक पाठवायचे. म्हणून एका टोकाला अंकांचे आवाजात रूपांतर करायचे आणि दुसऱ्या टोकाला आवाजाचे पुन्हा अंकांत. पहिल्या क्रियेचे इंग्रजी नाव मॉड्युलेशन, दुसरीचे डिमॉड्युलेशन. दोन्हींची आद्याक्षरे जोडून झाला मोडेम.

१९८९ साली मुंबई आणि अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातले फॉल्स चर्च यांच्यात कायमची जोडणी झाली. तिचा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. वेग बिटमध्ये मोजतात आणि फाइल बाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. मोबाइलवर काढलेले ३० लाख बाइटचे एक छायाचित्र म्हणजे २ कोटी ४० लाख बिट. त्या जोडणीवरून ते पाठवायला २,५०० सेकंद, म्हणजे सुमारे ४२ मिनिटे लागली असती. आज अनेक घरांत सेकंदाला १० कोटी बिटची, म्हणजे १०० एमबीपीएसची जोडणी असते. तिला पाव सेकंदही लागत नाही. हे गणित आठवीच्या वर्गात जरूर घालावे. 'शंभर एमबीपीएस घेतले, पण सेकंदाला बाराच एमबी उतरतात' या नेहमीच्या तक्रारीचे उत्तरही त्यातच आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तेव्हा घरात मोडेम कर्कश आवाज करीत नंबर फिरवी आणि तोपर्यंत दूरध्वनी गुंतलेला राही. २००४ च्या धोरणात सरकारने सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेगाच्या, सतत चालू असणाऱ्या जोडणीला ब्रॉडबँड म्हटले. तांब्याच्या त्याच तारेवर बोलण्यापेक्षा वरच्या वारंवारतेने माहिती पाठवण्याची युक्ती आल्यामुळे फोन आणि नेट एकाच वेळी चालू लागले. आता बऱ्याच इमारतींत काचेचा तंतू आला आहे. त्यातून प्रकाश येतो आणि घरातला डबा त्याचे विजेच्या संकेतांत रूपांतर करतो. त्याचे खरे नाव ओएनटी, पण केबलवाला आणि आपण अजून मोडेमच म्हणतो. बऱ्याचदा ओएनटी, राउटर, स्विच आणि वायफाय ही चारही यंत्रे एकाच डब्यात असतात. सारा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पत्ता

नेरूळचा पत्ता सेक्टर, प्लॉट, इमारत, घर असा उतरत जातो. आयपी पत्त्याचीही रचना अशीच आहे. पहिला भाग जाळ्याचा, शेवटचा यंत्राचा. तो चार आकड्यांत लिहितात, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला असतो. अर्नेटला १९९० मध्ये १४४.१६ ने सुरू होणारे पत्ते मिळाले होते.

असे एकूण पत्ते ४ अब्ज २९ कोटींच्या आसपास भरतात. १९८३ साली हा साठा अफाट वाटला होता. १९९०च्या दशकात तो पुरणार नाही हे दिसू लागले आणि ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातली शेवटची गाठोडी वाटून संपली. पत्ते संपले तरी इंटरनेट का थांबले नाही, याचे उत्तर आपल्या सोसायटीच्या फाटकावर आहे.

३०२ नंबरचे घर अनेक इमारतींत असते, तरी कुणाची पंचाईत होत नाही, कारण तो नंबर इमारतीच्या आतला आहे. त्याचप्रमाणे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते केवळ घराच्या आत वापरायचे, असे ठरले. आपल्या मोबाइलचा पत्ता १९२.१६८.१.५ असेल, तर तोच पत्ता असंख्य घरांत कुणाचा तरी आहे. बाहेर साऱ्या घराचा मिळून एक पत्ता दिसतो. कोणत्या खोलीतून कोणते पाकीट गेले याची नोंद राउटर वहीत ठेवतो आणि उत्तर आले की त्या खोलीत पोहोचवतो. फाटकावरचा वॉचमन हेच करतो. या युक्तीला नॅट म्हणतात; ती १९९४ साली मांडली गेली. आतून कुणी मागवले नसताना बाहेरून आलेले पाकीट सहसा फाटकावरच थांबते, हा तिचा आणखी एक फायदा. ही झाली तात्पुरती सोय. कायमचा उपाय म्हणजे १२८ बिटांचे नवे पत्ते, म्हणजे आयपीची सहावी आवृत्ती. तिच्या वापरात भारत आज जगातल्या आघाडीच्या देशांत आहे.

घरात नवा पाहुणा आला की त्याच्या मोबाइलला आतला पत्ता कोण देतो? तेही राउटरच देतो, लॉजचा व्यवस्थापक खोलीची किल्ली देतो तसा, ठरावीक मुदतीसाठी. या रीतीचे नाव डीएचसीपी. याखेरीज प्रत्येक यंत्राला कारखान्यातून मिळालेला ४८ बिटांचा मॅक क्रमांक असतो. आयपी हा घराचा पत्ता धरला, तर मॅक हा स्कूटरचा चेसिस नंबर. स्कूटर कुठेही उभी केली तरी तो बदलत नाही. या क्रमांकावरून माणसाचा माग काढता येतो, म्हणून अलीकडचे अनेक मोबाइल निराळाच क्रमांक सांगतात.

नाव

आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत. अर्पानेटच्या काळी सर्व संगणकांची नावे आणि पत्ते एकाच यादीत असत आणि ती एका संस्थेत ठेवलेली असे. संगणक वाढले तशी ती यादी सांभाळणे अशक्य झाले. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी यादीची वाटणी सुचवली. प्रत्येक विभागाने आपापली नावे सांभाळावीत आणि विचारणाऱ्याला योग्य दाराकडे धाडावे. ही डीएनएस पद्धत.

या वाटणीत भारताच्या वाट्याला 'डॉट इन' हे आडनाव आले. १९८९ पासून पुढे अनेक वर्षे त्याची नोंदवही जुहूच्या एनसीएसटीमध्येच होती. ही संस्था नंतर सी-डॅकमध्ये विलीन झाली. खारघर स्टेशनजवळच्या आवारात आज सी-डॅकचे काम चालते. नेरूळहून ते तिसरे स्टेशन. भूगोलाच्या सहलीला जागा शोधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

वायफाय

वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे, हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवण्यासारखे आहे. वायफाय म्हणजे आपला मोबाइल आणि डबा यांच्यामधली काही मीटरची हवाई वाट. बाहेरची तार तुटली तरी वायफायची खूण पूर्ण दिसू शकते.

याचे तांत्रिक मानक १९९७ साली ठरले. त्याचे नाव म्हणजे नुसता आकडा असल्याने १९९९ मध्ये एका जाहिरात-व्यवसायातल्या संस्थेकडून 'वायफाय' हे नाव करून घेण्यात आले. ते कशाचेही संक्षिप्त रूप नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवान्याच्या अटीतून मोकळा झाला. त्यामुळे घरोघरी असा डबा ठेवणे सोपे झाले.

हवेत मात्र हवाईच्या बेटांची जुनी अडचण परत येते. एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे. नेरूळसारख्या दाटीच्या वस्तीत संध्याकाळी एका घरात वीस-पंचवीस शेजाऱ्यांचे वायफाय दिसतात. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत : १, ६ आणि ११. म्हणजे सगळ्यांनी वाट बघत बोलायचे. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतो. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी कमी असते, पण त्याच्या लहरी भिंतीत लवकर क्षीण होतात. म्हणून डबा कपाटात किंवा टीव्हीच्या मागे न ठेवता घराच्या मध्यावर, उंचावर ठेवावा. ऑनलाइन तास घेताना तर सरळ केबल जोडावी.

हवेत बोललेले कुणालाही ऐकू जाते. वायफायची पहिली कुलूपपद्धत, डब्ल्यूईपी, २००१ साली फोडली गेली. त्यामुळे डब्याच्या मांडणीत डब्ल्यूपीए-२ किंवा ३ निवडावे. डब्याला दोन पासवर्ड असतात हेही पुष्कळांना ठाऊक नसते. एक वायफायचा, तो पाहुण्याला सांगतात. दुसरा डब्याच्या मांडणीत शिरण्याचा, तो बरेचदा कारखान्यातून आला तसाच राहतो. फाटकाची किल्ली कुलपालाच लटकवून ठेवावी तसे हे आहे. तो पहिल्याच दिवशी बदलावा.

खंड कुठे पडला?

आता 'नेट गेले' या वाक्याचे तुकडे करता येतील. तपासणी आतून बाहेर करीत जावी.

प्रथम डब्यावरचे दिवे पाहावेत. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल असेल तर काचेच्या तंतूतून प्रकाश येत नाही. दोष बाहेरचा आहे आणि डबा दहादा बंद-चालू करून उपयोग नाही. दिवे ठीक असतील, तर डब्याच्या पाठीवर छापलेला पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, मोबाइलवर उघडून पाहावा. पान उघडले तर घरातले जाळे ठीक आहे. संगणकाचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला डब्याकडून पत्ता मिळालेला नाही आणि त्याने स्वतःच एक घेतला आहे. त्यानंतर संगणकावरून ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला 'पिंग' करावे. १९८३ मध्ये माइक मूस यांनी पाणबुडीच्या सोनारवरून हे नाव ठेवले : हाक मारायची आणि प्रतिध्वनी किती वेळात येतो ते मोजायचे. प्रतिध्वनी येतो, पण नावाने काही उघडत नाही, असे असेल तर दोष डीएनएसचा. बाकी सगळे उघडते आणि एकच ठिकाण उघडत नाही, असे असेल तर दोष पलीकडचा आणि आपण स्वस्थ बसावे.

एवढे सांगता आले की तक्रार नोंदवतानाही फरक पडतो. 'नेट गेले' म्हणणाऱ्याला 'डबा बंद करून चालू करा' हे ठरलेले उत्तर मिळते. 'लाल दिवा आहे, तंतूत प्रकाश नाही' म्हणणाऱ्याकडे माणूस पाठवावा लागतो. ज्या शाळेत 'डब्याला हात लावू नये' अशी पाटी आहे, तिथे तर हे ज्ञान अधिकच हवे. डबा बंद पडला की तिथे पुढचे कित्येक दिवस धूळ साठते आणि मुलांपर्यंत पोहोचायचे ते पोहोचत नाही.

विज्ञानाच्या तासाला मुलांना आपल्या घरातल्या जाळ्याचा नकाशा काढायला सांगावा. त्यात नोड, तारा, हवाई वाटा, फाटक आणि आतले पत्ते दाखवावेत. काही घरांत एकच मोबाइल असेल आणि तोही वडिलांबरोबर दिवसभर कामावर जात असेल. त्या घराचाही नकाशा निघतो : मनोऱ्यापासून मोबाइलपर्यंत एक रेघ, आणि तिच्याशेजारी ती कोणत्या वेळी उपलब्ध असते ते. हे नकाशे शेजारी शेजारी लावले की घरचा अभ्यास कोणत्या वेळी आणि कोणत्या मार्गाने पाठवावा, हे शिक्षकांना ठरवता येईल.